आधी गोष्टीतला पेच, मग सॉफ्टवेअर

‘गेम बनवायचाय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न आता फक्त इंजिनिअरिंगची पोरं विचारत नाहीत. जिल्हा परिषदेचे शिक्षक विचारतात, गडकोट भटकणारे विचारतात, दिवाळी अंकांतून कथा लिहिणारेही विचारतात. उत्तर द्यायला दहाजण तयार असतात आणि दहाही जण आपण स्वतः वापरतो त्याचंच नाव घेतात. एक म्हणतो युनिटी, दुसरा म्हणतो अनरिअल. मग विचारणारा यूट्यूबवर लांबलचक कोर्स लावून बसतो. दोन दिवसांनी पडद्यावर एक चौकोन उड्या मारायला लागतो आणि सांगायची होती ती गोष्ट राहते ती राहतेच.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम आणला तो अनरिअलवरच, आणि तो बघून छाती फुगते हे खरं. पण ते एका टीमचं, काही वर्षांचं काम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या गावी, संध्याकाळी शाळा सुटल्यावर किंवा दुकान मिटल्यावर, जुन्या लॅपटॉपवर एकट्याने पहिली गोष्ट रचणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. सॉफ्टवेअर शेवटी निवडा. आधी वहीत एकच वाक्य लिहा : माझ्या वाचकाला कुठे थांबून, काय ठरवावं लागणार आहे? हा पेच हाती आला की निम्मी टूल्स आपोआप यादीतून गळतात.

नगरच्या किल्ल्याचंच उदाहरण घ्या. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा पडला. आत चांदबीबी. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्याची खबर आत पोचली, आतल्यांनी उलट बाजूने खणून काही सुरुंग निकामी केले. एक मात्र उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबीबी हातात तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली, दिवसभर हल्ला थोपवला आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. पुढे 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. ही हकीकत आपण शाळेपासून ऐकतो, पण ऐकताना शेवट ठाऊक असतो. गेममध्ये खेळणाऱ्याला तो ठाऊक नसल्यासारखा उभा करता आला पाहिजे.

इथे नवखे लेखक हमखास खेळणाऱ्याला थेट चांदबीबी करून टाकतात. तसं करू नका. तिने काय केलं हे इतिहासात पक्कं आहे. खेळणाऱ्याने वेगळं काही निवडलं तर इतिहास मोडतो, आणि तेच निवडायला लावलं तर निवडीला अर्थ उरत नाही. त्यापेक्षा त्याला तटावर काम करणारा बेलदार करा. सुरुंगाची खबर घेऊन आलेल्या परक्या माणसावर विश्वास ठेवायचा का? उजेडाआधी एकच जागा खणून होणार असेल तर कुठली खणायची? खिंडार बुजवायला दगड कमी पडले तर स्वतःच्या घराचा जोता उकरायचा का? बेलदाराचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिथे तुम्ही मोकळे आहात, आणि तुमचा खेळाडूही.

जाता जाता : सापशिडीचा पूर्वज मानला जाणारा मोक्षपट आपल्याकडची परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. अभ्यासक हे जसंच्या तसं मान्य करत नाहीत, पण ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासं आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे आपल्याला ते आवडतं. मोक्षपटात सगळं फासा ठरवतो, माणूस नुसती सोंगटी सरकवतो. आपल्याला करायचंय ते याच्या बरोबर उलट. म्हणून वहीतलं वाक्य तपासताना विचारा, इथे माणूस ठरवतोय, की फासा, की बोटांचा वेग? माणूस ठरवत असेल तर शब्दांवर चालणारं टूल पुरतं. फासा किंवा वेग असेल तर चित्रं हलवणारं टूल लागेल. बहुतेकांच्या डोक्यातली कल्पना पहिल्या जातीची असते आणि ते बसतात दुसऱ्या जातीचं सॉफ्टवेअर शिकत.

टूल डाउनलोड करण्याआधी मराठी लेखकाने एक परीक्षा घ्यायचीच असते. इंग्रजी मार्गदर्शनात ती सापडणार नाही, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तिची गरज पडत नाही. टूलच्या मजकुराच्या चौकटीत हे वाक्य टाका : ‘श्रीगोंद्याच्या वाऱ्यावर किल्ल्यातल्या दुसऱ्या दरवाजाशी सर्व ज्ञानी थांबले.’ मग गेम चालवून पाहा. ‘किल्ल्यातल्या’मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते की नंतर? ‘वाऱ्यावर’मधला र पुढच्या य ला नीट चिकटतो की खाली पाय मोडून उभा राहतो? ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ अखंड दिसतात का? एक जरी चुकलं तर ते टूल, निदान त्या आवृत्तीपुरतं, बाजूला ठेवा. युनिटीतलं मजकूर दाखवायचं नेहमीचं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडाक्षरं आपणहून नीट जोडत नाही, तिथे नवख्या माणसाचे आठवडे जातात. ब्राउझरमध्ये चालणारी टूल्स मात्र जवळजवळ नेहमी पास होतात, कारण अक्षरं जुळवायचं काम ब्राउझरच करतो.

याच ओघात दुसरी गोष्ट. तुमचा जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालेला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर गेममध्ये नुसती अगम्य चिन्हं उमटतील. नवं लिहिताना मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड चालतो. संवाद तर बोलून टाइप करावेत. हाताने लिहिताना आपण पुस्तकी होतो, बोलताना पारनेरची म्हातारी पारनेरसारखीच बोलते.

आता टूल्स. सगळ्यात आधी कागद. गमतीने सांगत नाही. एकेका प्रसंगाची एक चिठ्ठी करा, चिठ्ठीच्या खाली ‘खणायला गेलास तर 7, पळालास तर 12’ असं लिहा आणि घरातल्या कोणालातरी खेळायला लावा. 1979 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘चूज युअर ओन ॲडव्हेंचर’ ही पुस्तकमाला याच रीतीवर चालली. जे कागदावर कंटाळवाणं आहे ते पडद्यावरही कंटाळवाणंच राहतं, फक्त तोवर तुमचा महिना गेलेला असतो.

कागदानंतर, हातात फक्त मोबाइल असेल तर गूगल फॉर्म्स. शिक्षकांना हे घरचंच आहे. प्रत्येक प्रसंगाचा एक सेक्शन करायचा, खाली बहुपर्यायी प्रश्न ठेवायचा आणि प्रश्नाच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘उत्तरानुसार त्या सेक्शनला जा’ हा पर्याय चालू करायचा. अर्ध्या तासात फांद्या फुटणारी गोष्ट तयार होते, देवनागरी चोख दिसते, शिवाय कोणी काय निवडलं ते नंतर बघता येतं. वर्गात चर्चेला याहून चांगलं काही नाही. पण त्याला स्मरण नाही. तिसऱ्या प्रसंगात खेळाडूने कोणाला फसवलं ते नवव्या प्रसंगात फॉर्मला आठवत नाही. नेट नसलेल्या शाळेत प्रोजेक्टर असेल तर पॉवरपॉइंटच्या स्लाइड एकमेकींना हायपरलिंकने जोडूनही हेच साधतं.

बहुतेक वाचकांसाठी माझं उत्तर मात्र ट्वाइन. अमेरिकेतल्या क्रिस क्लायमस यांनी 2009 मध्ये ते आणलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, ट्वाइनरी डॉट ओआरजी या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालतं, आणि हवं तर लॅपटॉपवर उतरवूनही घेता येतं. पडद्यावर चौकोन दिसतात. एक चौकोन म्हणजे एक प्रसंग. पहिल्या चौकोनात बेलदाराचा प्रसंग लिहा आणि खाली दोन-दोन चौकटी कंसांत [[परक्याला आत घे]] आणि [[हवालदाराला हाक मार]] असं टाका. त्या नावांचे दोन नवे चौकोन आपोआप तयार होतात आणि बाण काढून जोडलेही जातात. मराठी नावं चालतात. दिसणारं वाक्य लांब आणि चौकोनाचं नाव छोटं हवं असेल तर [[कुऱ्हाड खाली ठेव आणि त्याचं ऐकून घे->खबर]] असं लिहायचं. एवढ्या एका खुणेवर अख्खी गोष्ट उभी राहते. ट्वाइन मोबाइलवरही उघडतं, पण चौकोन सरकवताना जीव मेटाकुटीला येतो. कोणाचा तरी लॅपटॉप संध्याकाळपुरता मागून आणा.

ट्वाइन उघडल्यावर ‘हार्लो’, ‘शुगरक्यूब’, ‘चॅपबुक’ अशी स्टोरी फॉरमॅटची नावं दिसतील. त्यांची तुलना करत बसू नका. मुळात हार्लो लावलेलं असतं, पहिल्या गोष्टीला ते ठीक आहे. सावध राहायचं ते साठवणीबाबत. ब्राउझरमधलं ट्वाइन तुमचं काम त्या ब्राउझरच्याच पोटात ठेवतं. शाळेच्या लॅबमध्ये कोणी ‘हिस्टरी’सोबत साइट्सचा साठवलेला डेटाही साफ केला की गोष्टही गेली. उठण्याआधी लायब्ररीतून आर्काइव्हची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर टाकायची सवय लावा.

ट्वाइनची खरी ताकद कळते ती आकडे लक्षात ठेवायची वेळ आली की. त्यासाठी किल्ल्यापेक्षा हिवरे बाजारचं उदाहरण बरं. पोपटराव पवारांच्या या गावात पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात : माणसांना किती, जनावरांना किती, शेतीला किती उरलं. रब्बीला काय पेरायचं ते त्यावरून ठरतं. उसाला आणि केळीला तिथे मनाई आहे, शेतीसाठी बोअरवेल घ्यायलाही. म्हणजे खेळाचे नियम गावानेच लिहून ठेवलेत, तुम्ही फक्त माणसं आणा.

समजा तुमचा खेळाडू असाच ताळेबंद नव्याने सुरू केलेल्या एका काल्पनिक गावातला शेतकरी आहे, दोन एकर, एक विहीर, घरात लग्न. ‘पाणी’ 6 पासून सुरू करा. गहू निवडला तर 3 वजा, कांदा 2, हरभरा किंवा ज्वारी 1. ‘पैसा’ आणि ‘गावाचा विश्वास’ असे आणखी दोन आकडे ठेवा, त्याहून जास्त नकोत. हार्लोमध्ये यासाठी ‘सेट’ आणि ‘इफ’ या दोन आज्ञा पुरतात. एक आकडा बदलते, दुसरी ‘पाणी 0 असेल तर हा मजकूर दाखव’ असं सांगते. आकड्यांची नावं तेवढी रोमन लिपीत द्या, देवनागरीत दिलेली नावं ट्वाइनला पचतीलच असं नाही. खेळाडूला ही नावं दिसत नाहीत, त्यामुळे बिघडत काही नाही.

आणि कृपा करून ‘पाणी : 2’ असं पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवू नका. ‘विहिरीची पाचवी पायरी उघडी पडली’ असं लिहा. पुढच्या प्रसंगात सातवी. शेतकऱ्याच्या घरातला वाचक तेवढ्यावरून ओळखतो, आणि मुंबईच्या वाचकाला दोन वेळा हरल्यावर कळतं. टूलने दिलेला आकडा आणि लेखकाने लिहिलेली पायरी यांच्यामधली जागा हेच तुमचं काम आहे, ते कुठलंच सॉफ्टवेअर करून देत नाही.

फांद्यांचा हिशेबही आधीच करा. दर प्रसंगाला दोन पर्याय आणि असे दहा टप्पे धरले, आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवली, तर शेवट होतात 1024. कोणी लिहिणार नाही, कोणी वाचणार नाही. वारीत पालख्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन वाखरीला मिळतात, तसं दर तीन-चार प्रसंगांनी सगळ्यांना एका ठिकाणी आणा. बेलदाराने परक्याला आत घेतलं काय किंवा हवालदाराला हाक मारली काय, सुरुंग उडणारच आहे. फरक इतकाच की उडाला तेव्हा त्याच्या शेजारी कोण होतं. हा फरक वर सांगितलेल्या आकड्यांत साठवला की तीस-चाळीस चौकोनांत भरपूर मोठी वाटणारी गोष्ट होते.

संवादच संवाद असलेली लांब गोष्ट असेल, आणि चौकोन ओढण्यापेक्षा सरळ लिहीत जाणं तुम्हाला सोपं वाटत असेल, तर इंक बघा. ‘80 डेज’ हा गेम करणाऱ्या इंग्लंडमधल्या इंकल कंपनीची ही लेखनपद्धत. 2016 मध्ये त्यांनी ती सगळ्यांना खुली केली. इंकी नावाच्या एडिटरमध्ये डावीकडे लिहायचं, उजवीकडे गोष्ट लगेच चालताना दिसते. ओळीच्या सुरुवातीला * टाकला की तो पर्याय, आणि -> म्हणजे तिकडे जा. विभागांची नावं मात्र इथे रोमन लिपीतच ठेवलेली बरी. नाटक लिहिणाऱ्यांना ही रीत फार लवकर जमेल असं मला वाटतं.

चेहरे, पार्श्वभूमी, संगीत हवं असेल, म्हणजे भंडारदऱ्याच्या काठी रात्री काजवे दिसताहेत आणि पुढे दोन मैत्रिणी बोलताहेत असं काही, तर रेनपाय. 2004 पासून चालू आहे, फुकट आहे, आणि नाटकाच्या संहितेसारखं ‘कोण बोललं, काय बोललं’ एवढंच लिहीत जायचं. मराठीसाठी दोन कामं मात्र आधी करावी लागतात. सगळ्यात ताजी आवृत्ती घ्या, आणि मुळात येतो त्या फॉन्टऐवजी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट गेमच्या फोल्डरमध्ये टाकून सेटिंगमध्ये त्याचं नाव द्या. मग वरचं श्रीगोंद्याचं वाक्य चालवून बघा. चित्रांचा खर्च, म्हणजे वेळेचा, इथे मोठा असतो. दोन पात्रं आणि तीन ठिकाणं यापलीकडे पहिल्यांदा जाऊ नका. नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आत जाऊन हवे तसे फोटो काढता येतीलच असं धरून चालू नका. रेखाटनं करा. इंटरनेटवरून उचललेला कोणाचा फोटो तर नकोच.

मुलांसोबत काम करणार असाल तर स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये आणलेलं हे टूल आठ ते सोळा वयासाठी आहे. लहानग्यांसाठी स्क्रॅच ज्युनिअर वेगळं. रंगीत ठोकळे जोडायचे, मांजर चालतं, बोलतं. ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की नेट लागत नाही. बोलण्याच्या फुग्यात मराठी येतं, पण मुलांना त्याहून आवडतं ते स्वतःचा आवाज भरणं. मोक्षपट करायचा असेल तर इथेच करा, फासा टाकायला एक ठोकळा पुरतो. उड्या, टक्कर, गुण मोजणे असा मोठ्यांचा गेम हवा असेल आणि कोड लिहायचा नसेल तर जीडेव्हलप. कोड शिकायची तयारी असेल तर गोडो. त्याची 2023 ची चौथी आवृत्ती देवनागरी नीट जोडते. यावर इथे जास्त लिहीत नाही, ज्याला लागेल तो शोधेल.

एआयला सांगून गेम करून घेता येतो का, असंही विचारतात. आज्ञेतली चूक शोधायला त्याची मदत होते, बिनधास्त घ्या. संवाद मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. पाथर्डीहून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब त्याच्या हाती दिलं की सगळे शहरातल्या जाहिरातीसारखे बोलायला लागतात.

गोष्ट अर्धी झाली की लगेच दुसऱ्याच्या हातात मोबाइल द्या आणि गप्प बसा. समजावून सांगायचं नाही. अंगठा कुठे थबकतो ते बघा. न वाचता सर्रकन पुढे गेला तर मजकूर लांब आहे. एका पडद्यावर ऐंशी-शंभर शब्दांच्या वर जाऊ नका. दोन पर्यायांपैकी सगळेच एक निवडत असतील तर दुसरा पर्याय तुम्ही मनापासून लिहिलेला नाही. ‘खरं सांग’ आणि ‘खोटं सांगून फसव’ असे पर्याय ठेवले की सगळे सज्जन होतात. ‘खरं सांग, म्हणजे भाऊ अडकेल’ आणि ‘तुला काही दिसलं नाही म्हण’ असं केलं की हात आखडतो.

वाटायची वेळ आली की ट्वाइनमध्ये ‘बिल्ड’खाली ‘पब्लिश टू फाइल’ आहे. एकच फाइल मिळते. ती व्हॉट्सॲपवर पाठवता येते, पण काही फोनवर उघडते, काहींवर उघडत नाही, आयफोनवर तर खात्री नाहीच. त्यापेक्षा इच डॉट आयओ या संकेतस्थळावर फुकट खातं उघडा, तीच फाइल ‘ब्राउझरमध्ये चालणारी’ म्हणून चढवा आणि नुसती लिंक पाठवा. शाळेच्या भिंतीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर त्या लिंकचा क्यूआर कोड लावला तर आणखी सोपं. चुका दुरुस्त करून नवी फाइल चढवली तरी लिंक तीच राहते. व्हॉट्सॲपवरच पाठवणार असाल तर फाइलच्या नावात तारीख घाला, कारण गावाच्या ग्रुपवर सहा महिन्यांनी कोणीतरी हटकून पहिलीच, चुका असलेली फाइल फॉरवर्ड करतं.